मट्टांचेरीचा मसाला बाजार: सांगलीच्या हळदपेठेतून गेलेल्याने तिथे काय पाहावे?

हळदपेठ, सांगली

नमस्कार. गेल्या माघ महिन्यात मी वडिलांना घेऊन कोचीला जाऊन आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. सांगलीतल्या हळदीच्या एका अडत पेढीवर त्यांनी ३६ वर्षे दिवाणजी म्हणून काम केले आणि मिरीचा बाजार एकदा डोळ्यांनी पाहायचा ही त्यांची फार जुनी इच्छा होती. कोचीबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले जाते, पण त्यात चिनी जाळी, जुनी चर्चे आणि खाडीतली नौका एवढेच असते. तिथे माल कुठून येतो, तो पारखतो कोण आणि भाव कसा ठरतो, याबद्दल मला फारसे काही सापडले नाही. म्हणून हा धागा काढते आहे. ज्यांना त्या बाजाराची माहिती आहे त्यांनी भर घालावी आणि माझे कुठे चुकले असेल तर दुरुस्त करावे.

मिरजेहून आठवड्यातून एकदा जाणारी पूर्णा एक्सप्रेस धरून आम्ही एर्नाकुळमला उतरलो. तिथे माझा मामेभाऊ असतो. तो विट्याकडचा आहे आणि त्याची गलाईची पेढी आहे. खानापूर-आटपाडी भागातली गलाईवाली माणसे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर पसरली आहेत, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल, पण केरळात त्यांचा किती आधार होतो ते तिथे गेल्यावरच कळते.

पहिल्या दिवशी सकाळी उच्च न्यायालयाजवळच्या धक्क्यावरून २०२३ साली सुरू झालेल्या वॉटर मेट्रोने फोर्ट कोची गाठले आणि तिथून रिक्षाने मट्टांचेरीला गेलो. रिक्षावाल्याने साहजिकच आम्हाला ज्यू टाउनच्या गल्लीत सोडले. ती गल्ली सुंदर आहे. टोकाला १५६८ साली बांधलेले 'परदेशी सिनेगॉग' हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आणि त्याचा घड्याळाचा मनोरा आहे, दोन्ही बाजूंना जुनी घरे आहेत आणि प्रत्येक दुकानापुढे टोपल्यांतून चक्रफूल, दालचिनी, जायफळ, वेलदोडे मांडलेले असतात. आप्पा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शांतपणे चालले आणि एवढेच म्हणाले, "इथे माल आहे, पण मोठा काटा कुठे दिसत नाही."

त्या वाक्यावरून पुढचे दोन दिवस कसे घालवायचे ते ठरले. ज्यू टाउनपासून चालत काही मिनिटांवर बाजार रोड लागतो. तो खाडीला समांतर जातो. तिथल्या जुन्या वखारींची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्रत्येक वखारीचा एक दरवाजा रस्त्याकडे उघडतो आणि दुसरा पाण्याकडे. पूर्वी आतल्या भागातून, खाड्या आणि कालव्यांमधून, वळ्ळम म्हणजे लाकडी होड्या भरून माल यायचा. तो पाण्याच्या दाराने आत यायचा, साफ होऊन, प्रतवारी होऊन, पोत्यांत भरला जायचा आणि पुन्हा पाण्याच्याच दाराने जहाजाकडे निघायचा. आता बहुतेक माल ट्रकने येतो, त्यामुळे पाण्याकडची दारे पुष्कळ ठिकाणी बंद दिसली. रस्त्यावर मात्र सकाळी दहाच्या सुमारास गडबड होती. तांदूळ, डाळी, मिरची, सुंठ, मिरी यांची पोती उतरत होती, आणि वास असा, की डोळे मिटून चालले तरी कोणत्या वखारीसमोरून आपण गेलो ते सांगता यावे. सुंठीच्या वखारीजवळ नाकात झणका येतो, जायपत्रीजवळ गोडसर, थोडा औषधी गंध येतो, आणि मिरीच्या वखारीत धुळीने घसा धरतो.

एका वखारीच्या मालकांनी आम्हाला आत बोलावले. ते कच्छकडचे गुजराती. त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या मट्टांचेरीत गेल्या आहेत. आप्पांचे हिंदी बेताचे आहे, पण दोघांचे संभाषण फारसे अडले नाही, कारण बराच वेळ दोघांचे हातच बोलत होते. मालकांनी लोखंडी पन्हळ पोत्यात खुपसून मूठभर मिरी काढली. आप्पांनी ती तळहातावर घेऊन हलवली, दोन दाणे दाताखाली फोडले, बाकीचे दोन्ही तळव्यांत चोळून फुंकर मारली आणि किती फोलपट उडते ते पाहिले. मग मालकांनी त्यांची पद्धत दाखवली. एक लिटर मापाचे भांडे मिरीने काठोकाठ भरायचे, वर पट्टी फिरवून सपाट करायचे आणि आतली मिरी तोलायची. एका लिटरमध्ये जितके ग्रॅम मिरी बसेल तितका दाणा भरीव. व्यापारात ५०० आणि ५५० ग्रॅमचे माल सर्रास बोलले जातात. पोकळ, अर्धवट भरलेला दाणा डोळ्यांना फसवतो, पण मापाला फसवत नाही. हळदीत आम्ही हळकुंड मोडून त्याचा आवाज ऐकतो. नीट वाळलेले हळकुंड धातूसारखा खणखणीत आवाज करत तुटते, ओल राहिली असेल तर आवाज बसका येतो, आणि तुटलेल्या जागेचा रंग पाहून पुढची बोली होते. आप्पांनी हे सांगितल्यावर मालकांनी कोपऱ्यातल्या पोत्यातून केरळची हळद मागवली आणि आप्पांच्या हातात एक हळकुंड दिले. ते आपल्या राजापुरी हळदीपेक्षा बारीक होते, पण आतून गडद केशरी निघाले. अलेप्पी नावाने जाणाऱ्या या हळदीत कुर्क्युमिनचे, म्हणजे हळदीला रंग देणाऱ्या घटकाचे, प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून रंग आणि अर्क काढणाऱ्यांची तिला मोठी मागणी असते.

इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती मला महत्त्वाची वाटते. अलेप्पी हळद मुख्यतः तोडुपुळा आणि मूवाट्टुपुळा या भागांत पिकते. ती आलप्पुळा बंदरातून बाहेर जायची, म्हणून तिला बंदराचे नाव मिळाले. आपल्या सांगली हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी सांगलीच्या सौद्यात शेजारच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही हळद येत आली आहे. दोन्हीकडे शेतापेक्षा पेठेने नाव दिले. पेठेला ते नाव मिळते ते तिथे माल नीट पारखला जातो म्हणून, आणि पारख करणारी माणसे तिथून गेली की त्या नावाचे पुढे काय होणार, हा प्रश्न आप्पांना परतीच्या प्रवासभर छळत होता.

इतिहासाबद्दल थोडे लिहिते. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, कोडुंगल्लूरजवळचे मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळाने निकामी होत गेले आणि कोचीचे तोंड मोकळे झाले, असे मानले जाते. १५०० साली पोर्तुगीज आले तेव्हा कालिकतच्या राजाशी, म्हणजे सामुद्रीशी, वैर असलेल्या कोचीच्या राजाने त्यांना आश्रय दिला आणि मिरी भरून जहाजे लिस्बनला जाऊ लागली. १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज. राजवटी बदलत गेल्या तरी खरेदीसाठी सगळे याच काठावर येत राहिले. मट्टांचेरीचा डच राजवाडा मुळात पोर्तुगिजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजाला दिला, हे तिथे गेल्यावरच समजले. आत भिंतीवर रामायणाची चित्रे आहेत, ती आवर्जून पाहावीत.

एका नदीच्या पुराने कोचीचा बाजार वसला, हे ऐकल्यावर आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. हरिपूरची हळदीची पेवे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते का गप्प झाले हे कळेल. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांमध्ये हळद कीड न लागता वर्षानुवर्षे राहत असे, आणि २००५ च्या महापुरात त्यांतली कितीतरी पाण्याखाली जाऊन कायमची गेली.

कोणी जाणार असेल तर माझी विनंती आहे की ज्यू टाउनला एक तास द्यावा आणि बाजार रोडला निदान एक पूर्ण सकाळ द्यावी. रविवारी जाऊ नये, घाऊक पेढ्या बंद असतात. सिनेगॉग शनिवारी बंद असते आणि राजवाडा शुक्रवारी.

---

अजिंक्यतारा, सातारा

लेख फार आवडला, विशेषतः लिटर-वजनाची माहिती. माझे कोरेगाव तालुक्यात आल्याचे पीक असते, त्यामुळे एक प्रश्न विचारतो. सुंठीच्या वखारीत आपण कोणती सुंठ पाहिली? आमच्याकडचे आले बहुतांशी ओलेच विकले जाते. भाव पडला की सुंठ करा असा सल्ला सगळे देतात, पण साधारण पाच किलो ओल्या आल्याची एक किलो सुंठ होते. सोलण्याची आणि वाळवण्याची मजुरी धरली तर त्या एका किलोला ओल्या मालाच्या पाचपटीहून पुष्कळ जास्त भाव मिळाला तरच ते परवडते. शिवाय ओल्या बाजारासाठी जो रसदार, मोठा गड्डा आम्ही पिकवतो तो सुंठीला चांगला नसतो. सुंठीसाठी रेषा आणि पाणी कमी असलेला वाण लागतो. कोचीचे व्यापारी मुळात कोणता माल निवडतात हे कळले तर आमच्यासारख्यांना उपयोग होईल.

---

हळदपेठ, सांगली

धन्यवाद. सुंठ दोन प्रकारची होती. एक साल अंगावर ठेवून वाळवलेली आणि दुसरी वरची साल बांबूच्या धारदार काडीने खरवडून वाळवलेली. सुरी वापरली तर सालीच्या लगेच खाली असलेल्या तेलाच्या पेशी कापल्या जातात आणि वास कमी होतो, असे तिथल्या एका बाईंनी करून दाखवत सांगितले. तिसरा, चुन्याच्या निवळीत बुडवून पांढरा केलेलाही माल होता, आणि त्याला काही देशांतून मागणी असते असे कळले. वाणाचे म्हणाल तर वायनाडकडचा माल जास्त आहे असे मालक म्हणाले. त्याहून खोलात मी विचारले नाही, याची आता हळहळ वाटते. आपला प्रश्न आधी माहीत असता तर आप्पांनी तो नक्की विचारला असता.

---

मूस आणि तेजाब, विटा (सध्या त्रिशूर)

आमच्या व्यवसायाचा उल्लेख आपुलकीने केलात, त्याबद्दल आभार. मी बावीस वर्षे केरळात आहे. मराठी वाचकांसाठी काही गोष्टी लिहितो.

मिरीला मल्याळममध्ये कुरुमुळक म्हणतात, सुंठीला चुक्कु, हळदीला मञ्ञळ, वेलदोड्याला एलक्का आणि जायफळाला जातिक्का. एवढे पाच शब्द बोललात तरी दुकानदाराचा सूर बदलतो, आणि तो पर्यटकांपुढचा पहिला डबा बाजूला सारून मागचा डबा काढतो. मिरीला इथले जुने लोक 'करुत्त पोन्नु', म्हणजे काळे सोने म्हणतात. आमचा दिवस पिवळ्या सोन्यात जातो, त्यामुळे हा शब्द मला पहिल्यांदा ऐकला तेव्हापासून जवळचा वाटत आला आहे. शेतकऱ्यांच्या घरात आजही मिरी पोत्यात राखून ठेवतात आणि मुलीचे लग्न किंवा दवाखाना आला की ती काढून विकतात. आपल्याकडे अडीअडचणीला डाग मोडतात, तशीच ही रीत आहे. वाळवलेली मिरी कोरड्या जागी कित्येक वर्षे टिकते म्हणून हे जमते.

दुसरे असे की पोते उचलणाऱ्या माणसांकडे मुद्दाम पाहावे. केरळात हमालांच्या कामासाठी १९७८ चा स्वतंत्र कायदा आहे. कोणत्या वखारीत कोणत्या टोळीने माल उतरवायचा हे ठरलेले असते. आपल्याकडे १९६९ चा माथाडी कायदा आहे, त्यामुळे सांगलीच्या माणसाला हे नवीन वाटणार नाही. छायाचित्र काढण्याआधी त्यांना विचारावे. मान ताठ ठेवून पन्नास किलो डोक्यावर पेलणाऱ्या माणसाला न विचारता अडवून उभे करणे बरे नव्हे.

---

दोन घास सुखाचे, मिरज

धागाकर्त्या ताईंशी मी एका बाबतीत सहमत नाही, आणि ते स्पष्ट लिहिते. ज्यू टाउनला एक तास पुरे असे लिहिल्याने तिथला किरकोळ बाजार खोटा आहे असा समज होतो. मी दोन वर्षांपूर्वी गेले होते तेव्हा तिथल्या एका दुकानात चार बायका मिळून मसाले पाखडत, निवडत आणि पाकिटे भरत होत्या. घाऊक व्यापार बाजार रोडवरून कमी होत गेला, तेव्हा त्यातल्या किती घरांना या पर्यटकांनीच सावरले असेल याचा विचार व्हायला हवा. पाव किलो मिरी घेणारा माणूससुद्धा बाजाराचाच भाग आहे. आम्ही स्वयंपाकघरात मसाला वापरणाऱ्या बायका लिटर-वजन पाहत नाही, आम्ही वास पाहतो, आणि तो तिथे मला चांगला मिळाला.

एक वाईट अनुभवही सांगते, म्हणजे माझे म्हणणे एकतर्फी वाटणार नाही. रस्त्यावरच्या एका दुकानात मी 'अस्सल सिलोन दालचिनी' म्हणून मोठ्या किमतीला माल घेतला आणि घरी आल्यावर तो जाड सालीचा निघाला. खरी दालचिनी कागदासारख्या पातळ सालींच्या अनेक पदरांची, एकात एक गुंडाळलेली असते आणि बोटांनी सहज चुरडते. जाड, एकाच पदराची, लाकडासारखी टणक साल असेल तर ती कॅशिया असते. तिचा वास उग्र असतो आणि तिच्यात कुमॅरिन हे जास्त झाल्यास यकृताला बाधणारे द्रव्य बरेच जास्त असते, म्हणून रोज चहात घालणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. मसालेभाताला कॅशिया चालते, आपण वर्षानुवर्षे तीच वापरत आलो आहोत, पण एकीच्या किमतीत दुसरी विकणे योग्य नाही.

---

हळदपेठ, सांगली

ताई, आपले म्हणणे मी मान्य करते. किरकोळ दुकाने खोटी आहेत असे मला म्हणायचे नव्हते, पण माझ्या लिहिण्यातून तसे उमटले असेल तर ते चुकलेच. माझा मुद्दा निराळा होता. ज्या ठिकाणी भाव ठरतो आणि ज्या ठिकाणी ठरलेल्या भावाने माल विकला जातो, ती दोन ठिकाणे निरनिराळी असतात, आणि आपल्या वाचकांना पहिले ठिकाण कोणी दाखवत नाही. दालचिनीची खूण आपण फार उपयोगी सांगितलीत. अशीच एक खूण मिरीची आहे. पपईच्या वाळलेल्या बिया मिसळल्याचा संशय असेल तर मिरी पेलाभर पाण्यात टाकावी. भरीव मिरी तळाशी जाते आणि पपईच्या बिया वर तरंगतात. वखारीच्या मालकांनी आमच्यासमोर हा पेला ठेवूनच बोलणे सुरू केले होते.

---

वायद्याचा जमाना, सांगली

भाव कुठे ठरतो हा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. मी काही वर्षे हळदीच्या वायद्यांत, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच ठरवण्याच्या व्यवहारांत, काम केले आहे.

मट्टांचेरीत १९५७ पासून मिरीचे वायदे होत. 'इंडिया पेप्पर अँड स्पाइस ट्रेड असोसिएशन' ही तिथली संस्था. आपल्याकडे सांगलीत 'स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज'मध्ये हळदीचे वायदे चालत. दोन्ही ठिकाणी दलाल समोरासमोर उभे राहून ओरडून बोली करत, आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या शेतकऱ्यालासुद्धा आतल्या आवाजावरून बाजार चढतो की उतरतो याचा अंदाज येई. पुढे संगणकावरचे राष्ट्रीय वायदे बाजार आले आणि तो आवाज थांबला. त्याने पारदर्शकता आली हे मी मानतो. मात्र ज्याने माल कधी हातात घेतला नाही तोही भाव ठरवू लागला, हेही तितकेच खरे आहे.

मट्टांचेरी ओसरण्याची कारणे मात्र एवढ्यापुरती नाहीत. इडुक्की आणि वायनाडमधून व्यापारी आणि अर्क काढणारे कारखाने थेट खरेदी करू लागले, त्यामुळे माल गल्लीत यायचे कारण उरले नाही. त्यातच व्हिएतनाम या शतकाच्या सुरुवातीला जगातला सर्वांत मोठा मिरी उत्पादक झाला आणि जगाचा भाव तिकडून हलू लागला. तिथली स्वस्त मिरी श्रीलंकेमार्गे सवलतीच्या करात भारतात येते अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. त्यावर केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्ये आयातीसाठी किलोला ५०० रुपये ही किमान किंमत ठरवली. म्हणजे मट्टांचेरीच्या वखारीतल्या पोत्याचा भाव हनोईत, कोलंबोत आणि दिल्लीत हलतो. तरीही 'कोची भाव' म्हणून जो आकडा रोज बातम्यांत येतो त्याला अजून वजन आहे, आणि ते वजन आप्पांसारख्या पारखी माणसांनी मिळवून दिलेले आहे. आप्पांना माझा नमस्कार सांगावा. ते कोणत्या पेढीवर होते हे मी विचारत नाही, पण आम्ही एकमेकांना सौद्यात पाहिले असण्याची खूप शक्यता आहे.

---

तांबडी माती, इस्लामपूर

मट्टांचेरीतल्या कोकणी माणसांचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहितो. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या छळामुळे गोवा सोडलेली गौड सारस्वत घराणी कोचीत स्थिरावली. चेरलायी भागात त्यांचे तिरुमल देवस्थान आहे आणि आसपासच्या गल्ल्यांमध्ये आजही घरोघरी कोकणी बोलली जाते. तिच्यात मल्याळम पुष्कळ मिसळले आहे, तरी लक्ष देऊन ऐकले तर मराठी माणसाला अर्धेअधिक कळते. तिथे पापडाचा घरगुती धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि दाळितोय, म्हणजे कोकणी पद्धतीची डाळीची आमटी, जेवायला मिळाली तर सोडू नये.

याच समाजातल्या तीन वैद्यांशी आपल्या लिपीचा एक मोठा धागा जोडलेला आहे. कोचीचा डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा लॅटिन ग्रंथ सिद्ध करवला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापले गेले. इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य यांनी त्यासाठी माहिती दिली. त्या तिघांचे कोकणीतले, नागरी लिपीतले निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. बाजार रोडवर ज्या झाडांची मुळे, साली आणि फळे पोत्यांत दिसतात त्यांच्या नावागुणांची नोंद करताना, साडेतीनशे वर्षांपूर्वी, आपल्या ओळखीच्या अक्षरांत कोणी तरी सही केली होती, हे मला तिथे उभे असताना सारखे आठवत होते.

आणखी एक जिन्नस विसरू नये. बाजारात काळीकुट्ट, धुराचा वास असलेली, वाळलेल्या सालींसारखी दिसणारी कुडमपुळी मिळते. ती आपल्या कोकमाची सख्खी बहीण आहे, एकाच कुळातली. माशाच्या लाल कालवणात ती आमसुलासारखी दोन-तीन पाकळ्या घालतात. आंबटपणा कोकमापेक्षा संथ असतो आणि दुसऱ्या दिवशी कालवण अधिक चांगले लागते.

---

अजिंक्यतारा, सातारा

कोकणी निवेदनाची माहिती वाचून अंगावर काटा आला. हळदपेठ ताई, शेवटचे दोन प्रश्न विचारतो. आपण मिरी किती आणली, आणि ती पावसाळ्यात टिकवायची कशी? आमच्या वाईच्या बाजूला आषाढात मीठसुद्धा पाझरते.

---

हळदपेठ, सांगली

सगळ्यांच्या प्रतिसादांची मी कागदावर प्रत काढून आप्पांना वाचून दाखवली. 'वायद्याचा जमाना' यांचा निरोप ऐकून ते उठून बसले आणि त्यांनी माझ्याकडून आपले उत्तर लिहून घेतले. ते असे: "आवाज ऐकून बाजार ओळखणारे आता थोडे राहिले. तुम्ही एकदा घरी या." तो निरोप इथे पोचवते आहे.

मिरी आम्ही पाच किलो आणली, त्यातली निम्मी बहिणींना आणि शेजारी वाटली. टिकवण्याबद्दल मालकांनी सांगितले ते असे. मिरीत ओल ११ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीची भीती असते, म्हणून वैशाखात एकदा कडक ऊन दाखवायचे, पूर्ण गार होऊ द्यायची आणि मगच झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरायची. डबा अर्धा रिकामा ठेवू नये, कारण आतल्या हवेबरोबर ओल राहते. गरम असताना भरली तर झाकणाला आतून घाम धरतो आणि सगळे बिघडते. पूड कधीही साठवू नये, लागेल तेवढी त्या दिवशी कुटावी.

काल आप्पांनी माळ्यावरून दुधाचे जुने लिटरचे माप काढायला लावले. ते धुऊन, पुसून, दिवसभर उन्हात ठेवले. संध्याकाळी त्यात आणलेली मिरी काठोकाठ भरली, माझ्या मुलीच्या शाळेच्या पट्टीने वरून सपाट केली आणि घरातल्या काट्यावर तोलली. माप वजा जाता ५६२ ग्रॅम भरली. मालकांनी ५५० चा माल म्हणून दिली होती. आप्पांनी तो आकडा त्यांच्या खिशातल्या वहीत तारखेसह लिहिला आणि मला सांगितले, की मट्टांचेरीला पत्र टाकून हे कळव, त्यांनाही बरे वाटेल. पत्र आज टपालात टाकले.